डेलियाचे कंद घरात लावून १९ दिवस झाले, नऊपैकी दोनच उगवलेत. उकरून बघू का?

उकरणारी_बाई

नमस्कार. प्रश्न लांब आहे. थोडक्यात विचारलं की माती कसली, कुंडी केवढी, पाणी किती असे उलट प्रश्न येतात, म्हणून सगळं आधीच सांगून टाकते.

मागच्या वर्षी पहिल्यांदाच डेलिया लावला. सात कंद होते. बाहेर रात्री अजून गोठत होतं, म्हणून घरातच कुंड्यांत सुरुवात केली. बाहेर ऊब येईल तोवर वीतभर रोपं तयार होतील असा हिशोब. लावल्या लावल्या प्रत्येक कुंडीला तळातून निथळेपर्यंत पाणी घातलं, आपण सगळ्याच रोपांना घालतो तसं. पुढे दर दोन दिवसांनी वरची माती कोरडी दिसली की पुन्हा. महिन्याभरात दोन उगवले. बाकीच्यांची वाट बघून बघून चौतिसाव्या दिवशी एक कंद चाचपायला मातीत बोट घातलं, तर ते थेट कंदाच्या आत गेलं. साल शाबूत, आत नुसता लगदा. वास संध्याकाळपर्यंत हाताला होता. पाचही तसेच निघाले.

यंदा नऊ आहेत. आठ विकत घेतलेले, सुटे, एकेक कंद. नववा म्हणजे मागच्या वर्षी वाचलेल्या दोघांपैकी एकाचा अख्खा गड्डा, थंडी पडल्यावर खणून काढून भुश्शात ठेवला होता. चार लिटरच्या कुंड्या, कोकोपीट जास्त, थोडं पर्लाइट, मूठभर कंपोस्ट. पाण्याची धास्ती बसलीय म्हणून यंदा मिश्रण आधीच किंचित ओलं करून घेतलं आणि नंतर थेंबही घातला नाही. खोलीत दिवसा १७-१८ अंश, पहाटे १४ पर्यंत उतरतं. प्रत्येकावर नंबरची पट्टी आहे, वहीही आहे (हसू नका).

आजची हजेरी:

३ नंबर: छान हिरवा, दोन बोटं उंच, खिडकीत.

७ नंबर: खिडकीत जागा नव्हती म्हणून कपाटावर ठेवला आणि साफ विसरले. काल बघितलं तर हातभर नाही पण चांगला १८ सेंटिमीटर पांढराफटक दांडा, टोकाला दोन पिवळी पानं, भिंतीला रेललेला.

२ नंबर: खोक्यातून काढतानाच मानेशी वाकला होता, तसाच लावलाय.

५ नंबर: लावतानाच सुरकुतलेला होता, म्हाताऱ्या बोटासारखा.

९ नंबर, म्हणजे घरचा गड्डा: माथ्यावर काहीतरी गच्च उगवलंय, पण त्याला कोंब म्हणावं की नाही कळत नाही.

बाकी चार गप्प.

शेवटची गोठणारी रात्र अजून साधारण चार आठवडे लांब आहे. विचारायचं इतकंच: गप्प बसलेल्यांना उकरून बघू का? पाणी सुरू करू का? आणि त्या पांढऱ्या दांड्याचं काय करू? नवरा म्हणतो त्यांना जरा एकटं सोड. तो तज्ज्ञ नाही.

गच्चीतली_माती

ताई, १९ दिवस म्हणजे काहीच नाहीत. माझ्याकडे एकाच दिवशी एकाच ट्रेमध्ये लावलेल्यांपैकी पहिला दहाव्या दिवशी आणि शेवटचा एकेचाळिसाव्या दिवशी वर आलाय, आणि त्या शेवटच्यानेच सगळ्यांत जास्त फुलं दिली. जातीजातीचा स्वभाव असतो.

पाण्याचं तुम्ही यंदा बरोबर केलंत. मागच्या वर्षी चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती सगळ्यांची होते. कोंब येईपर्यंत कंदाला पाणी पिणारी मुळंच नसतात. तुम्ही घातलेलं पाणी पिणारं कुंडीत कुणीही नाही, ते नुसतं कंदाभोवती साचून राहतं. कंदाला लागेल तेवढी ओल त्याच्या पोटात आधीच असते. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटांतून थेंब पडू नये, बस्स. कोंब दोन बोटं वर आला की खाली मुळं सुटलेली असतात, तेव्हा पहिलं पाणी, तेही कडेकडेने. म्हणजे ३ नंबरला आजपासून थोडं द्या. गप्प बसलेल्यांना नको.

अडलंय ते उबेमुळे. १७ अंशांची खोली आपल्याला उबदार वाटते, पण ओलं कोकोपीट हवेपेक्षा गारच राहतं, कारण त्यातून पाणी उडत असतं. त्यात पहाटे १४. एवढ्यावर कंद मरणार नाही, पण त्याला घाईही वाटणार नाही. कुंडीच्या तळाशी १८ ते २१ अंश मिळाले तर बघा. रोपांखाली घालायची हीट मॅट असेल तर उत्तम, नसेल तर घरात जी जागा कायम कोमट असते तिथे ठेवा. फ्रिजच्या माथ्यावर माझे कित्येक कंद जागे झालेत. फक्त कोंब दिसला की त्याच दिवशी तिथून उचलून उजेडात. ऊब आहे आणि उजेड नाही, की तुमचा ७ नंबर होतो.

आता उकरण्याचं. अख्खा कंद उपसू नका. नुकती फुटलेली मुळं केसासारखी असतात, तुटतात. पण माथ्यावरची माती मऊ ब्रशने बाजूला करून बघायला हरकत नाही. बघायचं कुठे ते नीट समजून घ्या. बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. रताळंही मूळच, पण ते स्वतःच्या अंगातून कोंब काढू शकतं. डेलियाला ते जमत नाही. त्याचे डोळे फक्त माथ्यावर, म्हणजे मान जिथे जुन्या खोडाला चिकटलेली असते त्या जाडसर गाठीवर. तिथे मोहरीएवढे फुगवटे दिसले, मग ते गुलाबी असोत, हिरवट असोत की पांढरे, की समजा काम चालू आहे. सुटा कंद विकणाऱ्याने त्या गाठीचा तुकडा कंदासोबत कापलाच नसेल, तर तो कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्यातून झाड येणार नाही.

पुढच्या वर्षीसाठी: कंद आडवा ठेवा आणि माथा मातीच्या वर उघडा राहू द्या. जमिनीत लावताना पुरायचा असतोच, घरात कशाला? उकरायची वेळच येत नाही.

५ नंबर सुरकुतलाय पण दाबल्यावर टणक असेल तर काळजी नाही. दाबल्यावर पिचला तर गेला.

सरळ_जमिनीत

मी एकही कंद घरात लावत नाही. बावीस झाडं आहेत.

जमिनीत १० सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसतो. सलग चार-पाच दिवस सकाळी १५ अंश दिसले की खड्डा, कंद आडवा, १०-१२ सेंटिमीटर माती वर, शेजारी काठी ठोकली, संपलं. कुंड्या नाहीत, दिवे नाहीत, वह्या नाहीत. कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पाणी नाही. जमीन स्वतःच आवरते सगळं.

एका वर्षी बायकोच्या आग्रहाने निम्मे घरात लावले होते. घरातल्यांना पहिलं फूल सतरा दिवस आधी आलं. सतरा दिवसांसाठी दीड महिना घरभर कुंड्या. ठरवा तुम्हीच.

आणि खरं म्हणजे ते 'डालिया' आहे. मेक्सिकोतून माद्रिदच्या बागेत हे झाड आलं, तिथे काव्हानियेस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ नाव दिलं. माणूस डाल, तर फूल डालिया. पण घरात सगळे डेलियाच म्हणतात आणि मी हरलोय.

गच्चीतली_माती

@सरळ_जमिनीत, तुमची जमीन लवकर तापते आणि थंडी उशिरा येते, म्हणून तुम्हाला सतरा दिवस किरकोळ वाटतात. लावल्यापासून फुलापर्यंत तीन-चार महिने घेणाऱ्या जाती आहेत, विशेषतः ताटाएवढ्या फुलांच्या. जिथे दोन थंड्यांच्या मध्ये पाचच महिने मिळतात, तिथे सतरा दिवस म्हणजे निम्मा बहर. एकदा गोठवणारी रात्र पडली की दुसऱ्या दिवशी झाड उकडल्यासारखं काळं होतं, मग त्यावर कितीही कळ्या असोत.

दुसरं कारण गोगलगायी. जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब शेंबडी गोगलगाय एका रात्रीत मातीला समतल करते, आणि आपण महिनाभर समजतो की कंद उगवलाच नाही. वीतभर उंच, जाड बुडख्याचं रोप बाहेर नेलं तर ते निदान दोन-चार पानं गमावून उभं राहतं. माझ्या दृष्टीने घरात सुरुवात करायचा खरा फायदा हाच. लवकर फूल हा वरचा.

आणि मेलेला कंद मेलाय हे लागवडीच्या आधीच कळतं. वाफ्यात भोकं राहत नाहीत.

काठी लावतानाच ठोकायची हे मात्र शंभर टक्के. नंतर ठोकली की बरोबर कंदातून जाते.

बुरशी_आणि_मंडळी

बाकी सगळं ठीक आहे, पण कुणी ९ नंबरबद्दल बोलत का नाहीये? "गच्च उगवलंय पण कोंब म्हणावं की नाही कळत नाही" हे वाक्य मला आवडलेलं नाही.

ताई, नीट बघून सांगा. एकेक फुगवटा वेगळा आहे का? मोजता येतात का? रंग कसा आहे? नेमके कुठून निघालेत, गाठीवरून वर की खालच्या बाजूने? आणि कृपा करून त्याला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय बाकीच्या कुंड्यांना लावू नका.

उकरणारी_बाई

तुम्ही घाबरवलंत. भिंग घेऊन बसले.

गड्ड्याच्या माथ्यावर जुन्या दांड्याच्या बुडाशी, एका बाजूला, अक्रोडाएवढा पुंजका आहे. लांबून फ्लॉवरच्या गड्ड्याचा तुकडा चिकटवल्यासारखा. भिंगातून बघितलं तर ते सगळे बारीक बारीक कोंब आहेत, पण टाचणीच्या डोक्याएवढे आणि एकमेकांत इतके दाटलेले की पंचवीसच्या पुढे मोजता येईनात. काहींना पानं आहेत, जाड, वळलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. रंग फिकट हिरवा, बुडाशी पांढरट. एकही वर जायचं नाव घेत नाही. लावल्यापासून तेराव्या दिवशी हे असंच होतं, वहीत "९ ला भरपूर डोळे!!" असं दोन उद्गारचिन्हांसकट लिहिलंय.

दुसऱ्या बाजूला एक नीट कोंबही आहे, वेगळा, सेंटिमीटरभर.

(हात धुतले.)

बुरशी_आणि_मंडळी

दुर्दैवाने हे लीफी गॉलचं वर्णन आहे. र्‍होडोकॉकस फॅसियन्स नावाचा जिवाणू झाडाच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतो, आणि झाड एका जागी शेकडो कोंब काढत सुटतं, त्यातला एकही मोठा होत नाही. निरोगी गड्ड्यावरही बरेच डोळे येऊ शकतात, त्यावरून कुणी घाबरू नये. फरक असा, की ते मोजता येतात, जाडजूड असतात आणि आठवड्याभरात त्यातले निदान दोन-तीन पुढे निघतात. टाचणीच्या डोक्याएवढ्यांचा पुंजका जो सहा-सात दिवसांत हलत नाही, तो वेगळा मामला.

यावर औषध नाही. पुंजका कापून टाकून उरलेलं ठेवायचा मोह होईल, कारण दुसरीकडे नीट कोंब आहे. करू नका. अख्ख्या गड्ड्यात आणि मिश्रणात जिवाणू आहे असंच धरायचं. मिश्रणासकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. कुंडी ठेवायची असेल तर घासून ब्लीचच्या पाण्यात. त्या गड्ड्याला लावलेली सुरी, कात्री, ब्रश, सगळं. तो मुख्यतः हत्यारांवरून, हातांवरून आणि पाण्याच्या शिंतोड्यांवरून पसरतो. बाकीच्या कुंड्यांना एकाच ट्रेमधून पाणी मिळत नव्हतं ना?

उकरणारी_बाई

नव्हतं. पाणीच घातलेलं नाही, तेवढं एक नशीब.

तो माझा एकुलता एक घरचा होता हो. बाकी सगळे विकतचे. मागच्या वर्षी पाच कुजले तेव्हा हा उगवला होता, सप्टेंबरात एकावेळी अकरा फुलं होती त्याला, किरमिजी, बॉलसारखी घट्ट. भुश्शात ठेवताना कागदावर नाव नव्हतं म्हणून "वाचलेला" असं लिहिलं होतं.

टाकला. ब्रशही टाकला.

बाकीच्यांचे माथे नव्या ब्रशने बघितले. १, ६ आणि ८ ला डोळे आहेत, अगदी मोहरीएवढे म्हणालात तसेच. ५ टणक आहे आणि त्याच्या सुरकुत्या थोड्या भरल्यात असं मला वाटतंय, किंवा मला तसं वाटून घ्यायचंय. ४ नंबरचा मात्र मी कोंब मोडला. तो 'बिशप ऑफ लँडाफ' आहे. त्याची पानं काळपट असतात हे माहीत होतं, पण कोंबसुद्धा मातीच्याच रंगाचा असेल हे डोक्यात आलं नाही. ब्रश फिरवला आणि टक्. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

२ नंबरची मान हलवून बघितली. हलते. सालीवर लोंबतेय.

गच्चीतली_माती

४ ची काळजी करू नका. माथ्यावर सहसा एकाहून जास्त डोळे असतात. मोठा गेला की मागचे हलतात, दहा-पंधरा दिवस उशीर होईल इतकंच.

२ नंबरचं अवघड आहे. मानेला नुसती घडी पडली असती तर कधी कधी निभावतं. सालीवर लोंबतेय म्हणजे आतली वाट तुटली. डोळा एकीकडे, शिदोरी दुसरीकडे. वाट बघायची तर बघा, पण वाफ्यात त्याची जागा धरून ठेवू नका.

७ नंबरचं राहिलंच. तो पांढरा दांडा सरळ करायच्या भानगडीत पडू नका, तो कधीच बळकट होणार नाही. उजेडात आणा, दोन-तीन दिवस थेट उन्हापासून लांब ठेवा, आणि मग बुडाशी पानांची सगळ्यांत खालची जोडी जिथे सुटते त्याच्या जरा वर कापा. अंधारात वाढलेल्या दांड्यावर ती जोडी नुसत्या खवल्यासारखी दिसते, शोधावी लागेल. तिच्या बगलेतून दोन कोंब येतील, नाहीतर खाली माथ्यावरून नवीन येईल.

आणि उजेड म्हणजे किती, तर खिडकी बहुतेक वेळा पुरत नाही. साधी पांढरी एलईडी नळी रोपांच्या शेंड्यांपासून वीतभरावर, दिवसाला १४ तास, टायमर लावून. डेलियाला दिवस लहान झाल्याची चाहूल लागली, म्हणजे १२ तासांच्या खाली, की तो पाला सोडून खाली कंद भरायला लागतो. वसंतात आपल्याला ते नकोय.

सरळ_जमिनीत

४ वरून आठवलं. मोडलेला कोंब टाकला असेल तर चूक केलीत. ७-८ सेंटिमीटरचा असता तर त्याचंच दुसरं झाड झालं असतं. हे मात्र मी घरात करतो, एखादी आवडती जात वाढवायची असेल तर. कोंब माथ्यापासून निघतो तिथे धारदार पात्याने, माथ्याचा नखाएवढा पापुद्रा सोबत घेऊन कापायचा. खालची पानं काढायची, ओल्या पर्लाइटमध्ये खोचायचा, वर पारदर्शक पिशवी. दोन-तीन आठवड्यांत मुळं. कापल्यावर दांडा आतून पोकळ दिसला तर वेळ गेली, पोकळ दांडा सहसा मुळं धरत नाही. कापलेल्या जागेवरून कंद पुन्हा कोंब काढतो. एका कंदातून तीन-चार झाडं सहज.

उकरणारी_बाई

तो दोन सेंटिमीटरचा होता. पण तुम्ही घरात काहीच लावत नाही म्हणाला होतात ना?

सरळ_जमिनीत

कंद लावत नाही.

उकरणारी_बाई

पाच आठवड्यांनी परत आलेय. कुणी असाच प्रश्न घेऊन आलं तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

कुंड्या फ्रिजवर आळीपाळीने ठेवल्या. तळाशी थर्मामीटर घातला तर तिथे २१ दाखवत होतं आणि आधीच्या फळीवर १५. सहा अंशांचा फरक, एकाच घरात, आणि मी मातीला दोष देत होते. १, ६ आणि ८ नऊ दिवसांत वर आले. ५ त्यानंतर चार दिवसांनी, सगळ्यांत जाड कोंब त्याचा. ४ ने मोडलेल्या जागेच्या शेजारून दोन काढले, आता ती काळी पानं बघून वाटतं बरं झालं मोडला. ७ कापला तेव्हा हात थरथरत होता, पण खरंच दोन फुटले.

घरात एकदा चिलटं झाली, कोकोपीटमधून उडायची. ३ ला मी लाडाने जास्त पाणी घालत होते, त्याचीच ती. वरचा दोन सेंटिमीटरचा थर सुकू दिला, पिवळे चिकट कागद लावले, गेली.

चार जोड पानं झाल्यावर शेंडे खुडले. सगळ्यांचे. याबद्दल इथे कुणी बोललं नव्हतं, पण खुडल्यावर बगलेतून फांद्या येतात आणि झाड काठीसारखं उंच न होता भरतं, हे मागच्या वर्षीच शिकले होते.

बाहेरची सवय आठ दिवस लावली. पहिल्या दिवशी सावलीत दोन तास, मग वाढवत नेलं. तिसऱ्या दिवशी ऊन कोवळं आहे म्हणून कुंड्या उन्हात ठेवून कामाला गेले. आले तर १ आणि ८ च्या वरच्या पानांवर कागदासारखे पांढरे डाग. वाऱ्याने ६ चा एक फाटा मोडला. रात्री ५ अंशांखाली उतरणार असं दिसलं की सगळे आत, म्हणजे आठातल्या तीन रात्री मी कुंड्या वाहत होते. @सरळ_जमिनीत, तुमचं नाव त्या तिन्ही रात्री घेतलं.

काल जमिनीत लावले. सकाळी १६ अंश होते, मोजले. काठ्या आधी ठोकल्या. दोन झाडांत दोन फूट अंतर सोडलं तर वाफा रिकामा दिसतोय, पण मागच्या वर्षी दीड फुटावर लावलेल्या त्या दोघांमध्ये हात घालता येत नव्हता. रात्री अकराला टॉर्च घेऊन गेले, चौदा गोगलगायी. ३ च्या खालच्या पानाला जाळी झालीय, बाकी ठीक.

आता २ नंबर. तो जमिनीत गेलेला नाही. मधल्या काळात ती मान गळून पडली, मी उरलेला कंद तसाच ठेवला. आज शेवटी उपसला, फेकायच्या तयारीने. कुजलेला नाहीये! टणक आहे, लावला तेव्हापेक्षा जड वाटतोय, आणि खालच्या टोकाला पांढरी मुळं फुटलीत, चांगली बोटभर. वर काही नाही. हे कसं?

गच्चीतली_माती

होतं असं. मुळं काढायला त्याला डोळा लागत नाही. पाणी ओढतो, फुगतो, वर्षभर असाच ताजातवाना राहू शकतो. झाड मात्र येणार नाही. आंधळा कंद म्हणतात त्याला.

१ आणि ८ ची भाजलेली पानं काढू नका, नवी येईपर्यंत तीच कामाची आहेत.

उकरणारी_बाई

बरं. पानं ठेवते.

२ ला परत कुंडीत घातलाय. फ्रिजवर आता जागाच जागा आहे.